तपासणाऱ्याला कोण तपासतं?



२०२४च्या गणपतीतली गोष्ट. मंडळाच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत उभा होतो. तेवढ्यात ओळखीच्या एक वहिनी आल्या आणि म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही लॅबवाले ना? जरा एका कागदावर नजर टाका. दोन मिनिटांचं काम आहे."

माझ्या अनुभवाने सांगतो, "दोन मिनिटांचं काम" म्हटलं की संध्याकाळ गेली असं समजावं :-)

वहिनींचा इथे छोटासा व्यवसाय आहे. सांगलीकडच्या एका महिला गटाकडून कांदा-लसूण मसाला, मेतकूट, भाजणी असा माल त्या मागवतात आणि इथल्या दुकानांना देतात. त्या वर्षी दिवाळीसाठी सेरंगून रोडवरच्या एका दुकानदाराने चारशे किलो मसाल्याची तोंडी ऑर्डर दिली होती. अट एकच, इथिलीन ऑक्साइडचा रिपोर्ट आधी दाखवा. निर्यातीच्या वेळची सक्तीची तपासणी वेगळी, ती होणारच होती. पण दुकानदाराला पैसे गुंतवण्याआधी खात्री हवी होती.

त्याचं काही चुकलं नव्हतं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये हाँगकाँगच्या अन्नसुरक्षा केंद्राने काही भारतीय मसाल्यांत इथिलीन ऑक्साइड सापडल्याचं जाहीर केलं होतं. पाठोपाठ १८ एप्रिल २०२४ला सिंगापूर फूड एजन्सीने एव्हरेस्टचा फिश करी मसाला बाजारातून परत घ्यायला लावला. मे महिन्यात भारताच्या स्पाइसेस बोर्डाने सिंगापूर आणि हाँगकाँगला जाणाऱ्या मसाल्यांची या रसायनासाठी तपासणी सक्तीची केली. तेव्हापासून टेक्का मार्केटच्या आसपासचे दुकानदारसुद्धा "ईटीओ, ईटीओ" करायला लागले होते.

वहिनींनी पिशवीतून कागद काढला. छान गुळगुळीत लेटरहेड. वर ठळक अक्षरांत "आयएसओ ९००१ सर्टिफाइड लॅबोरेटरी". खाली तक्ता होता: ओलावा, राख, आम्लात न विरघळणारी राख, जिवाणूंची संख्या, आणि सगळ्यात शेवटी इथिलीन ऑक्साइड, "आढळले नाही". त्या शेवटच्या ओळीपुढे एक छोटी चांदणी होती. चांदणीचा अर्थ पानाच्या तळाशी, मुंगीच्या अक्षरांत दिला होता: ही चाचणी अधिमान्यतेच्या कक्षेबाहेरची आहे.

म्हणजे ज्या एका ओळीसाठी सगळा खटाटोप, नेमकी तीच ओळ उघड्यावर होती.

वहिनींना हे सांगणं माझ्या जिवावर आलं. गटातल्या बायकांनी मिरची आधीच घेऊन ठेवली होती, तीही उसनवारीने. पण सांगितलं. त्यांचा पहिला प्रश्न अगदी बरोबर होता: "अहो, पण लॅब सर्टिफाइड आहे ना? मग?"

या "मग?"चं उत्तर देता देता माझी ती संध्याकाळ गेली. आपल्यापैकी बरेच जण आयटी, बँका, शिपिंग, औषध कंपन्या असल्या ठिकाणी आहेत. कुठला ना कुठला रिपोर्ट किंवा सर्टिफिकेट रोज तुमच्या हातातून जात असणार. म्हणून वाटलं, वहिनींना सांगितलं ते सगळ्यांनाच सांगावं. माझी नोकरीची बरीच वर्षं, आधी भोसरीत आणि मग इथे, टेस्टिंग लॅबमध्येच गेली. त्यामुळे विषय घरचा आहे. कंटाळा आला तर पुढचं पत्र उघडा, राग नाही.

सर्टिफिकेट वेगळं, ॲक्रेडिटेशन वेगळं

आधी हा गोंधळ मिटवू. आयएसओ ९००१ हे व्यवस्थापनाचं मानक आहे. कागदपत्रं नीट ठेवता का, तक्रारी सोडवता का, चूक झाली तर कारण शोधता का, हे त्यात बघतात. ते लॅबला मिळतं, तसंच बिस्किटांच्या कारखान्याला आणि लॉन्ड्रीलाही मिळू शकतं. तुमच्या केमिस्टला मसाल्यातलं इथिलीन ऑक्साइड मोजता येतं की नाही, याबद्दल ते चकार शब्द बोलत नाही.

लॅबला ते येतं की नाही हे बघणारं मानक आहे आयएसओ/आयईसी १७०२५. ते पहिल्यांदा १९९९मध्ये आलं, मग २००५ची आवृत्ती, आणि आता २०१७ची. मेडिकल लॅबसाठी १५१८९ आहे. या मानकांप्रमाणे लॅब सक्षम आहे असं एखाद्या अधिकृत संस्थेने तपासून सांगणं म्हणजे ॲक्रेडिटेशन, आपल्या मराठीत अधिमान्यता.

सिंगापुरात हे काम सिंगापूर ॲक्रेडिटेशन कौन्सिल, म्हणजे सॅक करते. लॅबसाठीची इथली योजना, सिंग्लास, १९८६मध्ये सिसिर या तेव्हाच्या मानक संस्थेत सुरू झाली. कौन्सिल स्थापन झालं १९९६मध्ये. पुढे ते स्प्रिंगच्या छत्राखाली होतं, आणि २०१८मध्ये स्प्रिंग आणि आयई सिंगापूर एक झाल्यापासून एंटरप्राइझ सिंगापूरकडे आहे. भारतात लॅबसाठी एनएबीएल, आणि सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांसाठी एनएबीसीबी. दोन्ही क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाच्या घरातल्या.

आता "सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांसाठी" म्हणजे काय? आयएसओ ही जिनिव्हातली संस्था मानकं लिहिते, पण स्वतः कुणालाही सर्टिफिकेट देत नाही. ते देणाऱ्या कंपन्या वेगळ्या, त्यांना सर्टिफिकेशन बॉडी म्हणतात. त्यांचे ऑडिटर कारखान्यात येतात, बघतात, सर्टिफिकेट देतात. पण मग त्या कंपनीवर विश्वास का ठेवायचा? म्हणून त्यांनाही आयएसओ/आयईसी १७०२१ या मानकाप्रमाणे ॲक्रेडिटेशन घ्यावं लागतं. ॲक्रेडिटेशनवाले त्यांच्या ऑफिसात जाऊन फायली बघतात, आणि त्यांचा ऑडिटर एखाद्या कारखान्यात प्रत्यक्ष ऑडिट करत असताना मागे खुर्ची टाकून बसतात. शाळा तपासायला इन्स्पेक्टर आले की मास्तरांची जी अवस्था व्हायची, ती त्या दिवशी ऑडिटरची होते.

यातला एक नियम फार महत्त्वाचा आहे. जी संस्था सर्टिफिकेट देते, तिने त्याच गिऱ्हाइकाला सल्लागार म्हणून फायली तयार करून द्यायच्या नाहीत. क्लास घेणाऱ्यानेच पेपर तपासायचा नाही. "पंधरा दिवसांत सल्ला, ट्रेनिंग आणि सर्टिफिकेट, सगळं एका पॅकेजमध्ये" अशी जाहिरात दिसली, तर ते सर्टिफिकेट भिंतीवर लावायला बरं, एवढंच समजा.

स्कोप नावाची भानगड

वहिनींचा दुसरा प्रश्न: "पण तळाशी लिहिलंय, की या लॅबला एनएबीएलची मान्यता आहे. मग त्यातली एकच टेस्ट बाहेर कशी?"

इथे सगळी मेख आहे. ॲक्रेडिटेशन आख्ख्या लॅबला कधीच मिळत नाही. ते टेस्टवार मिळतं. सर्टिफिकेटसोबत एक यादी असते, तिला स्कोप म्हणतात. त्यात लिहिलेलं असतं: कुठला पदार्थ, कुठला घटक, कुठल्या पद्धतीने, किती पल्ल्यात. मसाल्यातला ओलावा यादीत असेल आणि इथिलीन ऑक्साइड नसेल, तर ओलाव्याच्या आकड्याला पाठबळ आहे आणि दुसऱ्याला नाही. दुसरा आकडा चुकीचाच असेल असं नाही. फक्त त्याच्यामागे तिसऱ्या कुणी उभं राहिलेलं नाही.

वहिनी म्हणाल्या, "म्हणजे डॉक्टर खरा आहे, पण हाडांचा, आणि डोळ्याचं ऑपरेशन करायला निघालाय." मी पंचवीस वर्षं ट्रेनिंग दिली, इतकं सोपं मला कधी सुचलं नाही.

इथिलीन ऑक्साइडच्या बाबतीत तर जास्तच जपावं लागतं. हा वायू आहे, मसाल्यातले जंतू मारायला वापरतात. मसाल्यात तो तसाच राहत नाही, त्यातला बराचसा २-क्लोरोइथॅनॉल नावाच्या दुसऱ्या रसायनात बदलतो. युरोपात दोन्हींची बेरीज धरून मसाल्यांना किलोला ०.१ मिलिग्रॅमची मर्यादा आहे. अमेरिकेत दोन्हींच्या मर्यादा वेगवेगळ्या: इथिलीन ऑक्साइडला ७ पीपीएम, आणि त्या दुसऱ्याला चक्क ९४०. त्यामुळे नुसतं "आढळले नाही" याला अर्थ नाही. नक्की काय शोधलं, आणि किती असतं तर सापडलं असतं, हे रिपोर्टवर हवं. वहिनींच्या कागदावर दोन्हीही नव्हतं.

मॅगी आठवते?

या स्कोपवरून भारतातला सगळ्यात गाजलेला खटला आपल्या मुंबई हायकोर्टात झाला. २०१५ साल. उत्तर प्रदेशातल्या बाराबंकीतून घेतलेल्या मॅगीच्या नमुन्यात कोलकात्याच्या केंद्रीय लॅबने शिसं १७.२ पीपीएम दाखवलं. मर्यादा होती २.५. देशभर गदारोळ झाला, ५ जून २०१५ला एफएसएसएआयने बंदीचा हुकूम काढला, आणि हजारो टन नूडल्स नष्ट झाल्या. इथे सिंगापुरातही त्या जूनमध्ये भारतातून आलेली मॅगी तपासणीसाठी काही दिवस रोखली होती. तेव्हाच्या एव्हीए या खात्याने ती तपासली आणि खायला सुरक्षित असल्याचं सांगून मोकळी केली. आमच्या ऑफिसात तो आठवडाभर चहाच्या वेळचा एकच विषय होता.

१३ ऑगस्ट २०१५ला मुंबई हायकोर्टाने बंदी रद्द केली. कारणं दोन. एक, कंपनीला म्हणणं मांडायची नीट संधी दिली नव्हती. दुसरं आमच्या धंद्यातलं: ज्या लॅबच्या आकड्यांवर बंदी घातली, त्यांतल्या काही कायद्याप्रमाणे ॲक्रेडिटेड आणि मान्यताप्राप्त नव्हत्या, आणि काही ॲक्रेडिटेड असल्या तरी त्यांच्या यादीत शिशाची तपासणी नव्हती. वहिनींच्या कागदावरची चांदणीच की! कोर्टाने नमुने मोहाली, हैदराबाद आणि जयपूर इथल्या तीन ॲक्रेडिटेड लॅबकडे पाठवायला सांगितलं. तिन्हीकडे शिसं मर्यादेच्या आत निघालं, आणि नोव्हेंबरात मॅगी परत दुकानांत आली.

याचा अर्थ पहिले सगळे आकडे खोटे होते असा कोर्टाने काढला नाही, मीही काढत नाही. अर्थ एवढाच, की एवढा मोठा निर्णय ज्या आकड्यावर उभा करायचा, तो आकडा काढणाऱ्याची परीक्षा आधी झालेली हवी.

परीक्षा कशी होते?

लॅबने अर्ज केला की आधी कागदपत्रं तपासतात. मग असेसरांची टीम येते. एक मुख्य असेसर, आणि प्रत्येक विषयाचा जाणकार असा तांत्रिक असेसर. हा जाणकार बहुधा दुसऱ्या लॅबमधला, विद्यापीठातला किंवा सरकारी खात्यातला असतो, म्हणजे आपल्याच पंक्तीतला. तो तुमच्या केमिस्टला म्हणतो, "हं, करून दाखवा." मागे उभा राहून बघतो. मग एखादा जुना रिपोर्ट उचलतो आणि उलटा प्रवास सुरू करतो. हा आकडा कुठल्या नोंदीतून आला? त्या दिवशी कुठलं यंत्र वापरलं? ते कुणी कॅलिब्रेट केलं? कॅलिब्रेट करणाऱ्याचं वजन कुणी तपासलं? असं करत करत साखळी राष्ट्रीय प्रयोगशाळेपर्यंत पोचली पाहिजे. इथे ए-स्टारचं नॅशनल मेट्रॉलॉजी सेंटर, भारतात दिल्लीची एनपीएल. मधली एक कडी जरी तुटली, तरी तुमचा आकडा अधांतरी.

सापडलेल्या त्रुटी लिहून देतात. त्या दुरुस्त करून, मूळ कारण शोधून, पुरावे द्यायचे. मग असेसर नव्हे, तर वेगळी समिती निर्णय घेते. मिळालं म्हणजे झालं असंही नाही, ठराविक काळाने परत भेटी चालूच राहतात.

शिवाय प्रोफिशिअन्सी टेस्टिंग असतं. एकच नमुना अनेक लॅबना पाठवतात, कुणाला उत्तर माहीत नसतं. आलेल्या आकड्यांवरून प्रत्येकाला झेड-स्कोर मिळतो. दोनच्या आत असाल तर ठीक, दोन ते तीन म्हणजे भुवया वर, तीन किंवा जास्त म्हणजे नापास.

आता माझी नापास होण्याची गोष्ट.

३.१

२००८ साल. मी इथल्या एका लॅबमध्ये क्वालिटी मॅनेजर होतो. लॅबचं नाव सांगत नाही. पाण्यातलं शिसं मोजण्यात आमचा हातखंडा. प्रोफिशिअन्सीचा निकाल आला: झेड-स्कोर ३.१. आमचा आकडा खऱ्यापेक्षा २२ टक्के जास्त.

कुणाचाच विश्वास बसेना. आमचा रोजचा कंट्रोल चार्ट तर अगदी सरळ रेषेत. केमिस्ट म्हणाली नमुना खराब असेल. बॉस म्हणाला, पुढच्या राउंडची वाट पाहू, एकदा होतं असं.

कारण शोधायला चार दिवस लागले. शिशाचं प्रमाण-द्रावण पातळ करायला एक मायक्रोपिपेट वापरत होतो. तिचं कॅलिब्रेशन होतं, तारखेत होतं, स्टिकर होता. पण कॅलिब्रेशन झालं होतं हजार आणि पाचशे मायक्रोलिटरला, आणि आम्ही ती वापरत होतो शंभरला. आतलं सील झिजलं होतं. शंभरच्या ठिकाणी ब्याऐंशीच पडत होते. प्रमाण-द्रावणच फिकं, म्हणून त्याच्याशी ताडलेला प्रत्येक नमुना जास्त दिसत होता.

मग रोजचा चार्ट सरळ कसा? कारण कंट्रोलचं द्रावणही त्याच पिपेटने बनवलेलं. दोन्ही सारखंच चुकत होती, म्हणून एकमेकांशी जुळत होती. घरातल्या घड्याळाप्रमाणे मनगटी घड्याळ लावायचं, आणि मग दोन्ही एकच वेळ दाखवतात म्हणून खूश व्हायचं, तसला प्रकार.

हे कळल्यावर काय करायचं ते मानकात स्वच्छ लिहिलंय. ती टेस्ट थांबवा. आणि ज्यांना चुकीचे रिपोर्ट गेले असतील, त्यांना सांगा. शेवटचं वाक्य वाचायला सोपं आहे. जुन्या नोंदी चाळून सतरा रिपोर्ट निघाले. बॉस त्या संध्याकाळी बराच वेळ खिडकीपाशी उभा होता. त्याचं गणित मला कळत होतं: सतरा गिऱ्हाइकं, त्यांतली निम्मी परत येणार नाहीत. मी दोनदा पत्राचा मसुदा त्याच्या टेबलावर ठेवला, दोनदा तो "उद्या" म्हणाला. तिसऱ्यांदा मी म्हटलं, उद्या असेसर विचारेल तेव्हा उत्तर मला द्यायचंय, आणि मला खोटं बोलता येत नाही, घाम फुटतो. तो हसला, आणि सही केली.

सतरापैकी सोळांना फारसा फरक पडला नाही. मर्यादेच्या खूप आत, किंवा खूप बाहेर. सतरावा होता एक नळाच्या तोट्या बनवणारा छोटा कारखानदार. तोटीतून पाण्यात उतरणारं शिसं आम्ही लिटरला ११.६ मायक्रोग्रॅम दाखवलं होतं. मर्यादा १०. दुरुस्त करून आकडा आला ९.५. म्हणजे त्याचा माल पास होता. आमचा रिपोर्ट वाचून त्याने ती सगळी लॉट भंगारात घातली होती, दोन महिन्यांपूर्वी.

मी स्वतः गेलो सांगायला. वयस्क गृहस्थ होते. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "नाऊ देन यू टेल मी, आह?" बस, एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं. पुढे आमच्या कंपनीने भरपाई दिली, पण ते गृहस्थ परत आमच्याकडे आले नाहीत.

ही गोष्ट ऐकून वहिनी म्हणाल्या, "म्हणजे तुमच्या ॲक्रेडिटेशनचा उपयोग काय झाला? तुम्ही तर ॲक्रेडिटेड होता!" खरं आहे. आदल्याच वर्षी असेसर येऊन गेले होते. त्यांनी पिपेटचा स्टिकर बघितला होता, तारीख बघितली होती. शंभर मायक्रोलिटरचा मुद्दा त्यांच्याही नजरेतून सुटला. दोन दिवसांच्या भेटीत सगळं दिसत नाही, ते नमुनाच बघतात. ॲक्रेडिटेशन म्हणजे चूक होणारच नाही अशी हमी नव्हे. आमची चूक पकडली ती बाहेरून आलेल्या त्या एका बंद बाटलीने, आणि ती बाटली दरवर्षी आमच्या दारात येत होती ती ॲक्रेडिटेशन होतं म्हणूनच. नाहीतर आमचा चार्ट आजही सरळ रेषेत असता.

आणि त्यांना कोण तपासतं?

आता तुमच्यातला कुणीतरी विचारणारच: लॅबला सॅक तपासते, मग सॅकला कोण?

उत्तर आहे, बाकीचे देश. एकेका देशाने स्वतःची लॅब स्वतःच्या संस्थेकडून तपासली, तर ते आमच्या पिपेटसारखंच झालं. म्हणून दुसऱ्या देशांच्या संस्थांतले लोक येऊन ॲक्रेडिटेशन संस्थेची तपासणी करतात. यासाठीही मानक आहे, १७०११. सगळ्यात जुनी संस्था ऑस्ट्रेलियाची नाटा, १९४७ची. दुसऱ्या महायुद्धात दारूगोळ्याच्या तपासणीत आलेल्या अडचणींतून ती जन्मली. बाकीचे देश हळूहळू आले. २ नोव्हेंबर २०००ला वॉशिंग्टनमध्ये आयलॅक या संघटनेच्या ३६ संस्थांनी, २८ अर्थव्यवस्थांच्या वतीने, एका करारावर सह्या केल्या: तुमच्या ॲक्रेडिटेड लॅबचा रिपोर्ट आम्ही आमच्या लॅबच्या रिपोर्टइतकाच मानू. सॅक आणि एनएबीएल दोघीही या करारात २०००पासून आहेत. सर्टिफिकेशन संस्थांसाठी असंच काम आयएएफ करत होती. आता आयलॅक आणि आयएएफ मिळून ग्लोबल ॲक्रेडिटेशन कोऑपरेशन अशी एकच संस्था झाली आहे. आपल्या भागात एशिया पॅसिफिकची एपॅक, तीही २०१९मध्ये दोन संघटना एक होऊन बनली.

म्हणूनच सांगलीतल्या मसाल्याचा पुण्या-मुंबईतला रिपोर्ट सिंगापूरच्या दुकानदाराला चालू शकतो. मात्र यातही एक पुस्ती. कुठल्याही देशाच्या सरकारी खात्याला स्वतःची वेगळी अट घालायचा हक्क असतोच. करार विश्वासाचा आहे, कायद्याचा नाही.

हातात कागद आला की काय बघायचं?

वहिनींना एका पाकिटाच्या मागे लिहून दिलं, तेच इथे देतो.

१. रिपोर्टवर ॲक्रेडिटेशनचं चिन्ह आणि नंबर आहे का? आयएसओ ९००१ लिहिलंय म्हणून भुलू नका.

२. तो नंबर सॅक किंवा एनएबीएलच्या साइटवर शोधा. फुकट आहे, पाच मिनिटं लागतात. मान्यता चालू आहे की संपली, ते कळतं.

३. स्कोपची यादी उघडा. तुमचा पदार्थ, तुमची टेस्ट, तीच पद्धत आहे का? आणि चांदण्या बघा!

४. "आढळले नाही"च्या शेजारी "किती असतं तर आढळलं असतं" हा आकडा आहे का?

५. नमुना कुणी घेतला? बहुतेक रिपोर्टांवर लिहिलेलं असतं, "हा निकाल मिळालेल्या नमुन्यापुरताच आहे." गटातल्या ताईंनी वरच्या डब्यातला शंभर ग्रॅम चांगला मसाला पाठवला असेल, तर चारशे किलोबद्दल तो रिपोर्ट काहीच सांगत नाही. ॲक्रेडिटेशन इथे तुम्हाला वाचवू शकत नाही.

६. मर्यादेच्या अगदी काठावरचा आकडा असेल, तर मोजण्यातली अनिश्चितता किती, हे विचारा. साडेनऊ आणि साडेअकरा यांच्यामध्ये एका माणसाचा धंदा असू शकतो.

मग मसाल्याचं काय झालं?

वहिनींनी त्याच रात्री सांगलीला फोन केला. तिकडच्या ताईंना आधी राग आला. साहजिक आहे, एकदा पैसे भरून तपासणी झाली होती. मी फोनवर बोललो, चांदणी समजावली. मग त्यांनी यादी बघून, इथिलीन ऑक्साइड स्कोपमध्ये असलेली दुसरी लॅब शोधली. या वेळी नमुना चार वेगवेगळ्या पोत्यांतून घेतला. रिपोर्ट यायला, मग सक्तीची तपासणी, मग जहाज. सगळं मिळून दिवाळी हुकली. दुकानदाराने चारशे किलोचे दीडशे केले, तेही डिसेंबरात.

रिपोर्ट स्वच्छ होता. दोन्ही रसायनं मोजता येण्याच्या पातळीखाली, आणि ती पातळी आकड्यात लिहिलेली. म्हणजे मसाला पहिल्यापासून चांगलाच होता. वहिनींनी मला एक पाकीट आणून दिलं आणि म्हणाल्या, "तुमच्यामुळे दिवाळी गेली." चेष्टेत म्हणाल्या, पण सगळीच चेष्टा नव्हती. अडीचशे किलोची मिरची उसन्या पैशांची होती, आणि ती नंतर सांगलीच्या बाजारात कमी भावात गेली.

मी सांगितलं नसतं तर? कदाचित काहीच बिघडलं नसतं. माल पोचला असता, विकला गेला असता. हा हिशोब माझ्या मनात अधूनमधून येतो. मग तोट्यांचे ते कारखानदार आठवतात, चष्मा काढून बसलेले. त्यांचाही माल पहिल्यापासून चांगलाच होता.

आता तो महिला गट ऑर्डर यायच्या आधीच, हंगामाच्या सुरुवातीला मिरचीचा नमुना पाठवतो. ताई फोनवर लॅबवाल्याला पहिला प्रश्न विचारतात, "स्कोपमध्ये आहे का?" लॅबवाला दचकतो म्हणे.

असो. पत्र लांबलं. वहिनींच्या मसाल्याचं पिठलं आज रात्री आहे, येणार असाल तर भाकरी घेऊन या :-)

चूकभूल द्यावी घ्यावी, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त रिपोर्टवाला, सिंगापूर